चादरीखालची आई

तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढणं म्हणजे काय ताप असतो, ते फोटोवाल्यांनाच विचारावं. बाळ मान धरत नाही, डोळे उघडत नाही, आणि मागचं मात्र सगळं पांढरंशुभ्र हवं! मग आईला स्टुलावर बसवायचं, तिला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीनं झाकायचं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवायचं. ती चादरीतूनच त्याला धरून बसते. फोटोत दिसतं ते फक्त बाळ. आमची फोटोवाली यात पटाईत होती. नवरा बाहेर काउंटरवर फोटो छापायचा, ही आत कॅमेरा सांभाळायची. जीभ तिखट. "अहो, फोटो काढतेय, दात नाही. चेहरा सोडा जरा!" असं म्हणून भल्याभल्यांना हसवायची.

आणि हीच बाई स्वतःच्या लेकीला कडेवर घ्यायला घाबरत होती. लेक आता चांगली पालथी पडायला लागली होती, तरी.

त्याचं असं झालं. बाळंतीण होऊन घरी आली आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याला हौस आली, की लेकीचा पहिला फोटो आपल्याच स्टुडिओत काढायचा. घर वरच्या मजल्यावर, स्टुडिओ खाली. हिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पाय सुजले होते. फोटो झाले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"फ्लॅशचं आहे गं ते," नवरा म्हणाला.

तिलाही तसंच वाटलं. स्टुडिओत रोज कुणी ना कुणी हीच तक्रार करतं आणि रोज त्याला हेच उत्तर मिळतं. वर जाऊन ती बाळाला पाजायला बसली आणि बसल्या जागी तिला झटका आला. दातखीळ बसली, डोळे फिरले, हातपाय ताडताड उडायला लागले. मांडीवरून घरंगळलेलं बाळ सासूबाईंनी वरच्या वर झेललं म्हणून वाचलं.

गरोदरपणात रक्तदाब वाढला की असे झटके येतात, बाळंतपणानंतरही येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. जरा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती म्हणे.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर जो तो तिला एकच सांगायचा, "वाचलीस बाई! आता विसर ते सगळं." विसर! अरे, ती काय कुठे ठेवलेली छत्री आहे विसरायला? घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढायचं नाही, असं जणू ठरूनच गेलं. तिनं विषय काढला की नवरा प्रिंटर साफ करायला उठायचा. रक्तदाब आता ठीक आहे, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, तिनं दोनदा मान हलवली, आणि विश्वास काही ठेवला नाही. डोक्यात जराशी कळ आली की ती होती तिथेच खाली बसायची. फ्लॅश उडाला की ती डोळे गच्च मिटायची आणि उघडताना वाटायचं, आता आलाच. बाळाला पाजायचं ते जमिनीवर, भिंतीला टेकून, चहूबाजूंनी उशा रचून. एरवी बाळ सासूबाईंच्याच खांद्यावर. "तू पड गं जरा," त्या म्हणायच्या. तिला वाटायचं, किती जपतात मला.

एके दिवशी दुपारी एक ओली बाळंतीण आली, एकटीच, कुशीत एवढंसं पोर. नवरा परदेशी, घरच्यांना कामं, आणि पासपोर्टची घाई. फोटोवालीनं तिला स्टुलावर बसवलं, चादर टाकली, बाळ नीट मांडीवर ठेवलं. पोरगं काही डोळे उघडेना. टिचक्या वाजवून झाल्या, खुळखुळा झाला.

"ताई, झाले ना फोटो?" चादरीखालून आवाज आला. "किती फ्लॅश मारलेत! डोळ्यांपुढे नुसते काजवे चमकतायत."

"होतं तसं," नवरा बाहेरूनच म्हणाला. "फ्लॅशचं आहे. बसेल दोन मिनिटांत."

फोटोवालीनं खुळखुळा खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "मी अजून बटणच दाबलेलं नाही."

तिनं बाईच्या तोंडावरची चादर बाजूला केली. बाईचा चेहरा सुजलेला, एक हात कपाळावर. "डोकं फुटतंय हो सकाळपासून," म्हणाली आणि स्टुलावरून कलायला लागली. फोटोवालीनं आधी बाळ उचललं. विचार करायला सवडच कुठे होती? नवरा आत धावला, त्यानं बाईला धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गाडीत बाई मागच्या सीटवर आडवी, शेजारी फोटोवाली आणि तिच्या हातात दुसऱ्याचं पोर. आता मलाच झटका आला तर? हे पडलं तर? कुणाला द्यावं म्हटलं तर नवरा गाडी चालवतोय. तिनं पाय सीटखाली घट्ट रोवले आणि बाळाला असं धरलं, की ते रडायला लागलं.

हॉस्पिटलात तोच वास, तीच स्ट्रेचरची चाकं. रक्तदाब बघितल्याबरोबर नर्सनं बाईला धावतच आत नेलं. फोन मिळताच बाईची आई धापा टाकत आली, तेव्हा कुठे फोटोवालीनं बाळ तिच्या हाती दिलं. बऱ्याच वेळानं निरोप आला, वेळेत आणलंत, झटका आला नाही. ते ऐकून फोटोवाली बाकावर मटकन बसली आणि हमसून हमसून रडली. नवरा या वेळी उठून गेला नाही, शेजारीच बसून राहिला.

घरी आली तेव्हा सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या.

"आई, द्या तिला माझ्याकडे."

"अगं, दमली असशील. पड जरा."

"नाही पडायचं. द्या."

सासूबाईंनी बाळाला छातीशी आणखीच आवळलं. "नको गं. मला भीती वाटते. तू पाजायला बसलीस की मी दाराआड उभी असते, रोज."

इतके दिवस फोटोवालीला वाटत होतं, या घरात आपण एकट्याच घाबरतोय.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "आत्ता पण वाटतेय. पण द्या. तुम्ही खालून हात लावून ठेवा, काढू नका."

सासूबाईंनी दिलं. खाली हात तसाच ठेवला. दोघी उभ्याच राहिल्या, बाळ मधे. बाळ झोपलं, तरी हात काढायचं नाव कुणीच घेईना.