अंबूबाईंकडे येणारी माणसं

यशवंतपूरच्या बाजारामागे अंबूबाई घोरपड्यांचं ब्लाउजपिसांचं दुकान. पोपटी, शेवाळी, मेंदी हे हिरवे त्या दिव्याशिवाय वेगळे काढायच्या. साठी ओलांडल्यावर मात्र नजर मधोमध विझत गेली. समोरच्याचे कान दिसायचे, तोंडाच्या जागी राखाडी डाग. दुकान मुलाकडे, येसाजीकडे गेलं.

मग माणसं यायला लागली.

आधी एक बाई आली. भर दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. जांभळ्या लुगड्यावरचा बुट्टा न् बुट्टा लख्ख दिसत होता, तोही पोटच्या मुलाचा चेहरा न दिसणाऱ्या डोळ्यांना. "कोण गं?" अंबूबाईंनी विचारलं. बाई गप्प. पुढे टोप्या घातलेली पोरं आली, भिंतीतून निघून भिंतीत शिरणारी वरात आली. वाजंत्री वाजवत होते, पण आवाज नाही. ताटाशेजारी कुणीतरी उकिडवं बसलेलं असे, म्हणून अंबूबाईंचं जेवण सुटलं. वेडी ठरवतील या धास्तीनं त्या कुणाला बोलल्या नाहीत.

एकदा सुनेनं, धनलक्ष्मीनं ऐकलं: "सरक गं स्वल्प, जराशी, पाय लागेल."

"कुणाशी बोलताय, आत्याबाई?"

अंबूबाईंना रडू फुटलं. सगळं बाहेर आलं.

येसाजी हादरला. घराण्याचं काही देवाधर्माचं राहून गेलंय म्हणून त्यानं शांत करवली. होमाच्या धुरानं अंबूबाईंचे डोळे चुरचुरले. बाई धुरातही बसूनच होती.

शेवटी धनलक्ष्मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या समुपदेशक शिल्पाश्रीनं कन्नडमधून सांगितलं, "अज्जी, तुम्हाला वेड लागलेलं नाही. डोळ्यांकडून चित्रं कमी यायला लागली की मेंदू आपलीच काढतो. नजर गेलेल्या पुष्कळांना असं दिसतं. भीतीनं सांगत नाहीत."

"म्हणजे ती माणसं नाहीतच?"

"दिसतात. पण नाहीत. दिवा लावा, नजर भराभर डावीउजवीकडे फिरवा. बऱ्याचदा जातात."

घरात मोठे दिवे आले, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लागली. येणारा प्रत्येक जण नाव सांगून आत येऊ लागला. "आई, मी येसाजी." धनलक्ष्मी सकाळी चहा देताना विचारायची, "आज कोण आलंय?" अंबूबाई सांगायच्या. पुन्हा जेवू लागल्या. माणसं मात्र पुरती गेली नाहीत.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "इतकी परकी येतात. हे जाऊन किती वर्षं झाली, एकदाही आले नाहीत."

धनलक्ष्मीनं सासऱ्यांना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. "कसे होते दिसायला?"

अंबूबाईंनी उंची सांगितली, चाल सांगितली, कोटाचा रंग सांगितला. चेहऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

धनलक्ष्मीनं भिंतीवरचा फोटो उतरवला, त्यांच्याजवळ बसली आणि हळूहळू सांगू लागली, "कपाळ रुंद आहे. डाव्या भुवईत बारीक खाच..."