कन्हानच्या डोहातले आजारी मासे

खाप्याजवळ कन्हान नदीच्या काठी घडलेली ती केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी तिथे ठाणेदार होतो. एका सकाळी फोनवर खबर मिळाली, की डोहात मासे मरून तरंगताहेत आणि एका म्हाताऱ्या मासेमाराने पाण्यात विष कालवलंय. पुरावा एवढाच, की त्या डोहात रोज जाळं टाकणारा हा माणूस पंधरा दिवसांपासून तिकडे फिरकलाच नव्हता. म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं! मलाही ते पटलं आणि मी त्याला चौकशीसाठी आणलं. गुन्हा दाखल झाला असता तर मच्छीमार संस्थेतून त्याचं नाव कमी झालं असतं, नदीवरचा हक्कही गेला असता.

"जाळं का बंद केलंस?" मी दरडावलं.

"मच्छी बिमार होती साहेब. अंगावर फोड, कल्ले काळे. अशी मच्छी लोकाईले कशी खाऊ घालू?"

"मग पंधरा दिवस खाल्लंस काय?"

"मजुरीले गेलो. विषानं मच्छी एका दिवसात मरते. हे फोड व्हायले हप्ते लागते. चला, दाखवतो."

थापाड्या माणूस पोलिसांना घेऊन जागेवर जायला सहसा तयार होत नाही. मी पंच बोलावले आणि निघालो.

डोहापासून वरच्या अंगाला तो जाळं टाकत गेला. प्रत्येक मासा तळहातावर घेऊन अंगठ्याने कल्ला उचलायचा, आम्हाला दाखवायचा आणि जिवंत असेल तर हळूच पाण्यात सोडायचा. एका नाल्यापर्यंत सगळे मासे फोड आलेले. नाल्याच्या वर मात्र कल्ले लालभडक, खवले चकचकीत. नदीचं दुखणं त्याने तासाभरात शोधून दिलं. मी थक्क झालो.

नाला कापड रंगवणाऱ्या एका खाजगी कारखान्यातून येत होता. पाण्याचे नमुने सीलबंद करून तपासणीला पाठवले. दोष कारखान्याच्या सांडपाण्याचा निघाला आणि खबर देणारा तिथलाच मुकादम.

म्हाताऱ्याला सोडताना मी विचारलं, "हे आधीच का सांगितलं नाहीस?"

"आलो होतो ना साहेब, बिमार मच्छी घेऊन. तुम्हीच म्हणाले, वास येऊन राहिला, बाहेर ने."

मला त्याचा चेहराही आठवत नव्हता. स्टेशन डायरी चाळली, त्याच्या येण्याची नोंद नव्हती. त्यानंतर तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी खुर्ची द्यायला लागलो. पण लाज अजून गेलेली नाही. लोकांच्या पोटात आजारी मासा जाऊ नये म्हणून त्याने आपली रोजी सोडली, आणि मी तीच गोष्ट त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहून घेतली होती.