माझ्या सुळ्याला माझीच स्प्रिंग

माझ्या तोंडातला वरचा उजवा सुळा आज जिथं आहे, तिथं त्याला मी स्वतः नेलेलं आहे. निसर्गाचा, दैवाचा किंवा माझ्या लेकीचा त्यात काडीचाही दोष नाही.

लेक प्राची डेंटल कॉलेजात दात सरळ करण्याचं पुढचं शिक्षण घेत होती. तिथल्या परीक्षेला उपचार चालू असलेला एक पेशंटही हजर करावा लागतो. शिकाऊ डॉक्टरला पेशंट मिळाला नाही, की तो नातेवाइकांच्या तोंडाकडं बघू लागतो. पन्नाशीला टेकलेला मी खुर्चीत जाऊन पडलो! दातांची गर्दी कमी करायला एक छोटी दाढ काढली, दातांना बारके हूक चिकटवले आणि त्यांतून तार बसली.

आता, तार म्हणजे माझा प्रांत. वाळूजच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर स्प्रिंगा वळतोय. प्राचीकडची एक तार घेऊन वाकवली, सोडली, पुन्हा सरळ! पकडीनं पिळली, पुन्हा सरळ! (इतकी निर्लज्ज तार मी जन्मात पाहिली नव्हती.)

"ही तार हाय का शेवई? हिच्यानं दात हलणार व्हय?"

"पप्पा, म्हणूनच ती भारी आहे. हळू पण सारखी ढकलत राहते. दात म्हणजे भिंतीतला खिळा नाय. पुढचं हाड विरघळतं, मागं नवं भरतं, तेव्हा तो सरकतो. जोर जास्त झाला की तिथलं रक्तच दबतं अन् काम थांबतं."

"बरं बरं," मी म्हणालो. म्हणजे ऐकलं नाही.

परीक्षा जवळ आली. अभ्यासाला होस्टेलवर जाताना प्राची रडवेली होऊन म्हणाली, "ती काढलेल्या दाढेची फट जराशी तरी कमी दिसली असती ना..."

बापाचं काळीज हललं. लेक अडचणीत आणि बाप स्प्रिंगवाला! कारखान्यातल्या कडक पोलादी तारेची मी नखाएवढी देखणी स्प्रिंग वळली. आरशासमोर उभं राहून एक टोक मागच्या दाढेच्या हुकात आणि दुसरं सुळ्याच्या हुकात अडकवलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हटलं, काम सुरू झालं!

पुढच्या रविवारी बजाजनगरात साडूच्या नातवाचं बारसं होतं. "जय भीम, साडूभाऊ!" साडूनं दारातूनच हाक दिली. मी नुसते हात जोडले. तोंड उघडलं की कळ मस्तकात जात होती. जेवताना बुंदी चावली आणि खट्! एक टोक निसटून गालात रुतलं.

"आं! आं!"

"घास अडकला! पाठीत हाणा!" साडू ओरडला.

पाठीत हाणलं. स्प्रिंग आणखी रुतली. कुणी पाणी पाजलं, कुणी केळं कोंबलं. शेवटी बायकोनं मोबाईलचा उजेड तोंडात मारला.

"अहो, हे तर तुमच्या कारखान्यातलं दिसतंय!"

साडूनं चिमट्यानं ती बाहेर काढली आणि पंगतीतून फिरवली. "पण काम लई सुबक हाय!" (त्या अवस्थेतही मी थोडा सुखावलो.)

प्राची होस्टेलवरून धावत आली. तोंडात बघितलं आणि ओरडली.

"पप्पा, सुळा सरकला नाय, लवंडलाय! शेवईला बैल जुंपला तुम्ही! परवा परीक्षा आहे माझी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा पेशंट आता कुठून आणणार? पोरीची सगळी मेहनत मी माझ्या हातानं वाकडी केली होती.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या तोंडात आरसा घातला. "हा सुळा असा कसा?"

प्राचीनं काहीही लपवलं नाही. हाड कसं विरघळतं, जास्त जोरानं रक्त कसं दबतं, मऊ तार कशी झुकली, सगळं माझ्याच सुळ्यावर बोट ठेवून तिनं धडाधड सांगितलं. इतकं नीट, की मलाही ते पहिल्यांदा समजलं. सर मान डोलावत होते.

"शेवटचा प्रश्न. या केसमधली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

मी आ वासूनच दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा केल्या.

"सर, वडील," प्राची म्हणाली.

पोरगी पास झाली. आणि मला नंतर कळलं, त्या उत्तराला तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले!