जहाजवाल्या चाचांचा नवा दिवा

“मला सगळं दिसतं. गाडीच्या दिव्याला दिसत नाय, त्याला मी काय करू?”

शेजारचे जहाजवाले चाचा मुलाशी फोनवर बोलत होते आणि मी आमच्या मधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मस्कतहून सलीमभाईंचं बोलणंही ऐकू येत होतं. “अब्बा, अंधारात चिऱ्यांच्या ढिगावर मोटरसायकल घातलीत. मी ईदला आलो की ती विकायची.”

“दिवा बदलतो,” चाचा म्हणाले. “मग मगरिबनंतर, काळोख पडला की, पावसच्या रस्त्याला फेरी मारतो. तरी नाय दिसलं तर वीक.”

फोन ठेवून त्यांनी गडग्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सगळं ऐकलंस ना? मग ये. या कामाला दुसरा माणूस लागतो.”

चाचांचा जन्म जहाजांवर वायरिंग करण्यात गेला होता आणि रत्नागिरीत येऊनही ते जहाजावरच राहत होते. पडवी म्हणजे डेक, चाचींचं स्वयंपाकघर म्हणजे गॅली. चाची म्हणायच्या, “गॅलीत आज जेवण नाय, कॅप्टनला सांगा.” सगळ्यात कडक नियम हुकमाचा. हुकूम ऐकला की तो तसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा. मी इंग्रजी शाळेतली. मराठीत काहीतरी चुकेल म्हणून बरंचसं मान हलवूनच भागवायची. चाचांना ते मुळीच चालत नसे. “मी गाडीखाली डोकं घातलेलं असताना तुझी मान मला कशी दिसेल गो? बोल.” मग मी पुटपुटायची, “बॅटरी बंद.” “माशांना सांगतेस काय? मोठ्याने.” आता ते मस्कतला सलीमभाईंकडे राहतात, पण फोनवर माझं नुसतं ‘हं’ त्यांना अजूनही चालत नाही.

गाडी जुनी, सहा व्होल्टची. इंजिन मंदावलं की दिवाही मंदावायचा, आणि उभ्या गाडीवर तर उदबत्तीएवढा उरायचा. तिला बारा व्होल्टवर न्यायचं ठरलं. कॉइल नव्याने गुंडाळून आणली, बॅटरी मोठी घेतली, बल्बचं सामान माझ्या फोनवरून मागवलं. पार्सल आलं तेव्हा चाचा गेटवर माझ्या आधी उभे. हेडलाइट उघडला तर उजेड पुढे फेकणारी आतली वाटी पार काळवंडलेली. चाची डोकावून म्हणाल्या, “माझ्या तव्यात याहून बरं तोंड दिसतं.” वाटीही नवी आली.

अर्थिंगवर मात्र चाचांनी अख्खी सकाळ घालवली. वायर जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडायची, तिथला रंग खरवडून खरवडून खालचं लोखंड उघडं केलं. मी कंटाळलेली पाहून म्हणाले, “सगळे पुढचा उजेड बघतात. करंट परत यायची वाट कोण साफ करतो? ती साफ नसली की नवा बल्बपण रडतो.”

चार्जिंग नीट होतंय का हे बघायला कुणीतरी गाडी फिरवायला हवी होती. माझ्याकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स होतं, बाबांनी हौसेने काढून दिलेलं आणि कधीच न वापरलेलं. सकाळच्या मोकळ्या मैदानात मी गोल गोल फिरायची, मधे चाचा मीटर घेऊन उभे. या गाडीचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मी लायसन्ससाठी शिकले तसा डावा पाय दाबला की गाडी एकदम ब्रेक लागून थांबायची आणि चाचा शांतपणे म्हणायचे, “नांगर टाकलास काय?” चाचा सोडून कुणी बघत नसेल तेव्हा मी तिथे हसत सुटायची.

मग दिव्याची उंची लावायची वेळ आली. गाडी त्यांच्या चिऱ्याच्या, गिलावा न केलेल्या भिंतीसमोर उभी केली, वजनाला मला सीटवर बसवलं आणि चाचांनी चिऱ्यांमधल्या एका सांध्यावर खडूने रेघ मारली. उजेड या सांध्याच्या वर चढला तर समोरचा आंधळा होणार. पडवीचा दिवा मालवला. “हेडलाइट चालू.” “हेडलाइट चालू!” मी ओरडले, आणि भिंत अंगावर आल्यासारखी पुढे आली. चिऱ्याचं एकेक भोक दिसत होतं. सांध्यातून जाणाऱ्या मुंग्यासुद्धा. चाची ताट घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “लग्नाचा मांडव लागला जणू.”

दुसऱ्या दिवशी मगरिबची नमाज झाली आणि आम्ही निघालो. मी मागे. भाट्याचा पूल ओलांडला, खाडीवरचा वारा कानात शिरला, आणि पुढे रस्ता असा उलगडत होता की मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. पांढरे पट्टे, सुरूची पानं, पुढच्या वळणावरचा दगड, सगळं स्वच्छ. डावीकडे एक म्हैस रस्त्यावर येत होती. तिच्या गळ्यातली दोरीही मला दिसली. चाचांनी वेग कमी केला नाही.

“म्हैस,” मी म्हटलं. मग किंचाळले, “चाचा, म्हैस!”

गाडी तिच्या शेपटीजवळून गेली. चाचांनी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चष्मा सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

“तुला लांबून दिसली?”

“हो.”

“मग दिव्याची चूक नाय.” त्यांनी टाकीवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सलीमभाई. चाचांनी फोन माझ्या हातात दिला. “तू सांग. मला नाय जमणार.”

पलीकडून आवाज आला, “अब्बा? दिसलं काय रस्त्यावर?”

खोटं बोलले असते तर चाचा उद्याही याच रस्त्याला आले असते. नुसतं खरं सांगितलं असतं तर गाडी गेली असती. मी मोठ्याने बोलले.

“सलीमभाई, मी शेजारची बोलतेय. दिवा एकदम फर्स्ट क्लास लागलाय. पण चाचांना म्हैस दिसली नाही, त्यांचे डोळे दाखवायला हवेत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंधारात गाडी मी चालवणार, आणि चाचा मागे बसून हुकूम देणार. तुम्ही ती विकू नका.”