मामाजींचा सामायिक दोष

"तुमच्यावर माहा संशय नाई," चहाचा कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "पन तुमी निर्दोष आहा असंबी मी धरून चालत नाई."

मुलगी पाहायला आलेल्या मुलाचं असं स्वागत मंगरूळपीरमध्ये याआधी कोणी केलं असेल, असं मला वाटत नाही. माझ्या बाबांचा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच वाटलं, आपण खरंच काहीतरी केलेलं दिसतंय. तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यावरच मी निम्मा गारद झालो होतो. पुढचे सगळे हाल मी निमूटपणे का सोसले ते कळावं म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

हे गृहस्थ म्हणजे यशवंतराव इंगोले. पुढे ते माझे सासरे झाले, म्हणून आमच्याकडच्या रीतीने मामाजी. मानोऱ्याजवळच्या खेड्यातून शिकून बाहेर पडलेला माणूस. सगळी नोकरी समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात, सुरक्षा विभागात झाली. निवृत्त झाल्यावर मंगरूळपीरला घर घेतलं. लोक विचारायचे, "इंगोले साहेब, तुमी अणू फोडत होते का?" त्यावर ते म्हणायचे, "फोडनारे दुसरे होते जी. आमी बाकीचं काई फुटू नये ते पायत होतो."

त्यांचं काम त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. समजा, एका केंद्रात एक झडप अडकली. ती दुरुस्त केली की काम संपलं, असं आपल्याला वाटतं. मामाजींचं काम तिथे सुरू व्हायचं. त्याच बनावटीची झडप देशात आणखी कुठे कुठे बसवली आहे? तिथेही आत तेच वंगण असेल, तर तिथेही ते वाळून घट्ट झालं असणार. मग सगळीकडच्या झडपा उघडून पाहायच्या. एका जागी सापडला तो बिघाड. तोच सगळीकडे असू शकतो म्हटलं, की तो सामायिक दोष. तो निस्तरेपर्यंत अणुभट्टी चालू ठेवायची की बंद, चालू ठेवायची तर कोणती जादा नजर ठेवायची, हेही ठरवायचं. "अन् कोनी 'झालं साहेब' म्हनलं म्हनून विषय बंद करायचा नाई," ते बजावायचे. "आपन सोता जाऊन पाह्यचं."

निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे भट्ट्या उरल्या नाहीत, पण शेजारी होते. एकदा गल्लीत कोणाच्या तरी घरी छताचा पंखा हुकासकट खाली आला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. सगळी घरं एकाच ठेकेदाराने बांधलेली. मामाजी दुसऱ्या दिवशी खांद्यावर स्टूल घेऊन घरोघर निघाले आणि प्रत्येक हुकाला लोंबकळून पाहू लागले. शेजारचे रशीदभाई हात जोडून म्हणाले, "इंगोले साब, पंखा तो ठीक है, आप गिर जाओगे." अख्ख्या गल्लीत आणखी एकच हुक कच्चा निघाला, तो मामाजींच्या स्वतःच्या बैठकीतला. त्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

आता माझ्याकडे वळतो. आमचं स्थळ देवमन गुरुजींनी सुचवलं होतं. गुरुजी म्हणजे मानोऱ्याचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या जिल्ह्यातल्या आमच्या समाजाच्या सोयरिकी त्यांनीच जुळवलेल्या. त्याच वर्षी त्यांनी जुळवलेल्या एका नवरदेवाची बातमी फुटली होती. कायम नोकरी म्हणून सांगितलेली, ती लग्नाआधीच सुटली होती. तो बिचारा रोज डबा घेऊन घरून निघायचा आणि बसस्टँडवर बसून संध्याकाळी परत यायचा. बाकीच्यांनी त्या मुलाला नावं ठेवली. मामाजींनी विचारलं, गुरुजींनी आणखी कोणाकोणाचं जुळवलं आहे? आणि मी सामायिक दोषात सापडलो.

वाशीमला एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे. पुढच्या सोमवारी पाहतो तर मामाजी आमच्या बाकावर येऊन बसलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, तोंडातून शब्द नाही. आमच्या साहेबांना वाटलं, वरून कोणीतरी तपासणीला आलं आहे. त्या दिवशी आमच्या कार्यालयात ज्याला ज्याला दाखला हवा होता, त्याला तो मिळाला. साहेबांनी स्वतः एका म्हातारीला पाणी दिलं. दुपारी मामाजींनी माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली आणि उठताना म्हणाले, "नोकरी खरी आहे. पन भाजीत मीठ जास्त पडून राह्यलं."

मला वाटलं, सुटलो. कुठलं काय! पुढच्या बैठकीत त्यांनी नवीनच काढलं. गुरुजींनी मुलाची खोटी माहिती कधी दिली नव्हती. त्यांनी ती कधी विचारलीच नव्हती. म्हणजे दोष गुरुजींच्या पद्धतीत. आणि पद्धत एकच, म्हटल्यावर मुलीची माहितीही त्याच वाटेने आमच्यापर्यंत आलेली. "तवा तुमालेबी खरं समजलं पाह्यजे," असं म्हणून त्यांनी प्रज्ञाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोला, समोर बसवलं आणि तिच्यादेखत सांगायला सुरुवात केली. सकाळी उठत नाही. रागावली की भांडी आपटते. बारावीला गणितात एकदा नापास झाली आहे. भाकरी करते, पण ती कोणत्या आकाराची होईल ते तिलाही आधी माहीत नसतं.

प्रज्ञा लालबुंद झाली. "बाबा, माहं लग्न मोडून राह्यले का तुमी?"

"मोडत नाई बाई. तपासून राह्यलो."

"मंग सांगूनच टाका," ती म्हणाली, "का तुमाले मले पाठवाचंच नाई म्हनून."

 मामाजींचा चेहरा एकदम उतरला. माझे बाबा घसा खाकरून टोपी शोधू लागले. ही टोपी सापडली की आम्ही वाशीमच्या बसमध्ये बसणार आणि मग परत येणं नाही, हे मला दिसत होतं. मला त्या मुलीशीच लग्न करायचं होतं, भांडी आपटणाऱ्या, भाकरीला आकार नसलेल्या. पण हे बोलायचं धैर्य मला होत नव्हतं.

तेव्हा मामी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, बोलल्या. त्या इतका वेळ दारात पदराने हात पुसत उभ्या होत्या. "अवो, आपलंबी लग्न देवमन गुरुजीनंच जुळवलं होतं ना?"

"हो."

"मंग तुमची तपासनी कोनी केली?"

 दुसरा कोणी असता तर खवळला असता, निदान हसण्यावारी तरी नेलं असतं. मामाजींनी थोडा विचार केला, खुर्ची ओढून मामींसमोर ठेवली आणि परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले. "बराबर आहे. माहाच हुक राह्यला. करा तपासनी. मी नापास झालो तं हे लग्न होनार नाई."

म्हणजे माझं लग्न आता मामाजींच्या संसारावर टांगलं गेलं होतं. मामींनीही कसर ठेवली नाही. पोरगी झाली तेव्हा हे भट्टीवर. माझी माय गेली तेव्हा हे भट्टीवर. घरात ताप मोजायला थर्मामीटर नाही आणि हा माणूस देशभरातल्या झडपा मोजतो. समुद्रकाठी इतकी वर्षं राहून एकदाही समुद्रावर फिरायला नेलं नाही. मामाजी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होते. सबब एकही सांगितली नाही. शेवटी म्हणाले, "मंग बंद करू का?"

मामींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पास काई करत नाई तुमाले," त्या म्हणाल्या. "पन चालू राहू द्या. मी हावो नजर ठिवाले."

त्या हसल्या, मग प्रज्ञा हसली, आणि ते पहिल्या दिवशीचंच हसू होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचंबी तसंच चालू करा ना मग." माझ्या आयुष्यात मी एवढं एकच धाडस केलं आहे. बाबांची टोपी सापडली होती, पण त्यांनी ती परत मांडीवर ठेवली. लग्न बुद्धविहारात झालं, देवमन गुरुजी पहिल्या रांगेत होते, आणि मामाजींनी जेवणाआधी मंडपाचा प्रत्येक खांब हलवून पाहिला.

पुढे मामींना ते समुद्रावर घेऊन गेले. गुडघे दुखायला लागल्यावर गेले, पण गेले. घरात थर्मामीटर आलं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते मामींना विचारायचे, "काय मंग, विषय बंद करता का?" आणि मामी म्हणायच्या, "अजून नाई."

गेल्या हिवाळ्यात मामाजी गेले. वाशीमच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज फार खोल गेला होता. मामींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाई करत. बंद केला तं तुमी निघून जासान." मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो. मला वडील दोन होते असं त्या दिवशी कळलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गर्दी खूप होती. एकामागून एक लोक उठून बोलले. असा माणूस होणे नाही, यांच्यात कसलाच दोष नव्हता, यांचा संसार आदर्श होता. रशीदभाई बोलता बोलता थांबून खाली बसले. शेवटी कोणीतरी मामींना दोन शब्द बोला म्हणालं. त्या कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या. उठल्या, फोटोकडे पाहिलं, आणि जराशा रागानेच म्हणाल्या, "निर्दोष होते म्हनून राह्यले सगळे. तुमाले काय माईत? मी अजून पाहूनच राह्यली होती."