अंग सैल सोडा, बाई

नाताळाच्या आधीच्या रविवारी उपासनेत ‘स्वखुशीने स्वतःला देणे’ या विषयावर मी साक्ष द्यावी, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगावा, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं आणि माझी झोप उडाली. माझी सगळी नोकरी मुरबाडकडे बालवाडीत गेली, निवृत्तीनंतर मी शहापूरला राहते. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पण लिहायला बसले की पेन अडायचं. मी आजवर काय दिलं? साड्या दिल्या, डबे दिले, चर्चच्या कामाला वेळ दिला. स्वतःला दिलंय असं कधी झालं, ते मात्र आठवेना. प्रभूने आपल्यासाठी स्वतःला दिलं हे मी लहानपणापासून म्हणत आले, पण ते मला खरंच कळलंय का, अशी शंका यायला लागली. या वयात ही शंका फार बोचते.

ती शंका तशीच बरोबर घेऊन मी शनिवारी सकाळी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर निघाले. चर्चच्या मंडळीने थंडीसाठी ब्लँकेटं जमवली होती, ती वाटायची होती. डांबरी रस्ता संपतो तिथे जीपवाला सोडतो. पुढे उतार, मग ओढा, मग पायवाट. माझ्या बालवाडीतली मदतनीस भिकी आणि तिचा दीर काळुराम गठ्ठा उचलायला रस्त्यापर्यंत आले होते. पाडा थोडा राहिला असताना मला धाप लागली आणि मी एका दगडावर टेकले. दगडाशी ऊन खात पडलेलं फुरसं मला दिसलंच नाही. घोट्याला चटका बसला, मी किंचाळले, आणि काळुरामने सरपटत जाणारं ते जनावर पाहिलं.

“बाई, आता एक पाऊलबी टाकायचं नाय,” तो म्हणाला. “चाललात तर इख चढंल.”

पाड्यावरची धडधाकट माणसं वीटभट्टीवर गेलेली, मागे म्हातारी तेवढी उरलेली. काळुराम धावत जाऊन बांबू घेऊन आला, माझ्याच गठ्ठ्यातलं एक ब्लँकेट त्याला बांधून डोली केली आणि मला आत बसवलं. पुढे तो, मागे भिकी. माझा देह असा की रिक्षात माझ्या शेजारी बसताना लोक आधी उसासा टाकतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन्ही हातांनी बांबू धरून अंग वर ओढत राहिले, जणू तेवढंच वजन कमी होणार होतं. “भिके, ठेव गं मला खाली, तुझं कंबरडं मोडेल,” असं माझं सारखं चाललेलं.

शेवटी भिकी मागून ओरडलीच. “गप बसा! आन् अंग सैल सोडा, बाई! ताठ ऱ्हायलात का जड लागतं. आमी पाडत नाय तुमाला.”

ओढ्यापर्यंत त्यांनी मला कसंबसं आणलं. तिथे भिकीचा गुडघा दगा देऊन गेला. माझा पाय पावासारखा फुगला होता आणि समोर रस्त्यापर्यंतचा उभा चढ होता. काळुरामने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. दवाखान्यात वेळेवर पोचले नाही तर मी जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एरवी माझ्या प्रार्थनेत देवाला सूचना फार असतात. त्या दिवशी एकही सुचली नाही. “प्रभू, तुझ्या हातात आहे,” एवढंच म्हटलं आणि बांबूवरचे हात सोडले.

चढावरून एक तरुण खाली येत होता. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून बसवलेले केस, हातात पेढ्यांचा पुडा. आम्हाला पाहून तो थांबला. काही विचारलं नाही. “मावशी, हा धरा,” म्हणून पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि भिकीच्या बाजूचं बांबूचं टोक खांद्यावर घेतलं.

“पाव्हण्या, पोरगी बघाया चाललायस ना?” काळुराम म्हणाला. “टाइम होईल तुला.”

पोरगा लाजला. “खांदा मोकळाच हाय ना,” म्हणाला.

त्या चढावर तो दोनदा घसरला. शर्टाचा खांदा फाटला, गुडघे मातीने भरले. मी मात्र अंग सैल सोडून डोळे मिटून घेतले होते. भीती गेली नव्हती, पण आपल्याला कुणीतरी वाहून नेतंय हे सुख मला आईच्या कडेवरून उतरल्यानंतर पहिल्यांदाच मिळत होतं. वर भाजीचा टेम्पो उभा मिळाला. मुरबाडला वेळेत इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पेढे माझ्याकडेच राहिलेत. पोराचं नावही विचारलं नव्हतं.

साक्ष मी नाताळानंतर दिली, पाय स्टुलावर ठेवून. लिहिलेले कागद घरीच ठेवले आणि हे जसं घडलं तसं सांगितलं. त्या पोराने प्रभूचं नाव कधी ऐकलंय की नाही, मला ठाऊक नाही. मला प्रभू त्याच्या फाटक्या शर्टात दिसला, एवढं मी सांगू शकते.

पुढची हकीकत भिकीने काढून आणली. पलीकडच्या पाड्यावर पोरगा रिकाम्या हाताने, उशिरा आणि त्या अवतारात पोचला. मुलीच्या घरचे चिडले, तर म्हणे, “ओढ्यात पाय घसरला.” माझं नावही काढलं नाही! भिकीने मग स्वतः जाऊन मुलीच्या आईला खरं काय ते सांगितलं. लग्न वैशाखात आहे.

परवा भिकीचा फोन आला. “बाई, लग्नाला या. पन तो पाय घेऊन वढा कशा उतरनार? डोली बांधू का?”

“बांध गं,” मी म्हटलं. “आता मला नीट बसता येतं.”