सव्वीस पोस्टकार्डं

कोशाच्या कचेरीत बाईंच्या रागाला वेळापत्रक होतं. सकाळी टपाल फोडताना थोडा, दुपारी चहात साखर जास्त पडली की थोडा, आणि घरी निघताना छत्री सापडली नाही की उरलेला. त्या दिवशी मात्र तो सगळा एकदम सकाळीच आला. टेबलावर प्रूफ पडलं होतं आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या एका तिरक्या रेघेने सव्वीसपैकी एकवीस अर्थ मारलेले होते.

शब्द इंग्रजी, इवलासा: सेट. इंग्रजी-मराठी कोशातल्या या एका शब्दामागे बाईंची एकोणीस वर्षं गेली होती. पुस्तकातून अर्थ उतरवून घेणं त्यांना मान्य नव्हतं. शब्द ज्याच्या हाताखालून जातो त्याच्याकडे जायचं, तो काम करताना बघायचं, आणि त्याच्या तोंडून जो मराठी शब्द निघेल तो चिठ्ठीवर टिपायचा. सोनार अंगठीत खडा जडवत होता. घड्याळजी घड्याळ लावत होता. दवाखान्यातला प्लास्टरवाला हाड बसवत होता. सुताराने करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवून दाखवले. त्याला एकच नेमका शब्द मिळेना म्हणून बाई तीन वेळा गेल्या. तिसऱ्या खेपेला सुतार म्हणाला, "बाई, आता तुम्ही करवत धरा, मी चिठ्ठ्या लिहितो."

अर्थ पक्का झाला की बाई देणाऱ्याला पोस्टकार्ड टाकायच्या: तुम्ही सांगितलेला अर्थ कोशात घेतला आहे. खाली सही त्यांची.

चिठ्ठ्यांचा डबा काखोटीला मारून आणि प्रूफ हातात घेऊन त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. दार वाजवलं नाही. साहेब कोशाचे प्रमुख म्हणून या खुर्चीत येऊन आठ महिने झाले होते. समोर छापखान्याचा फोरमन पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पानावर बाईंची सही झाल्याशिवाय छपाई सुरू करायची नाही, हा कचेरीचा जुना शिरस्ता होता.

"हे कोणी केलं?"

"मी. बसा ना, बाई."

"बसायला नाही आले."

"एका शब्दाला अडीच पानं म्हणजे लोक हसतील हो. मी समानार्थी शब्द दिलेत की. ठेवणे, लावणे, बसवणे, मांडणे, संच. पाचांत सगळं येतं."

"सोनार खडा लावतो, साहेब? कुठे, भिंतीला? आणि संध्याकाळी सूर्य काय करतो? ठेवतो की मांडतो?"

फोरमनला खोकला आला.

"संदर्भावरून कळतं, बाई."

"ज्याला कळतं तो कोश उघडत नाही."

बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. त्यांना ओळखणारी माणसं अशा वेळी खोलीबाहेर जात. फोरमन ओळखत होता, पण सहीशिवाय जाणार कुठे?

"जागाच नाही," साहेब म्हणाले. "यांना विचारा."

"सोळा सोळा पानांचे फर्मे असतात, बाई," फोरमन पिशवीकडे बघत म्हणाला. "अख्खं पुस्तक साठ फर्म्यांत कसंबसं बसवलंय. दोन पानं वाढली तर त्यांच्यासाठी एकसष्टावा."

"तेव्हा सही करून टाका," साहेब म्हणाले. "दोन महिन्यांवर निवृत्ती आली तुमची. कशाला डोक्याला ताप?"

हे वाक्य साहेबांनी गिळलं असतं तर त्यांची सकाळ बरी गेली असती. बाईंनी डबा त्यांच्या टेबलावर आदळला.

"करते सही. आधी या एकवीस जणांना तुम्ही सांगा. माझ्या सहीचं कार्ड गेलंय प्रत्येकाला. चिठ्ठीवर नंबर आहेत."

साहेबांनी सुटका करून घ्यायची म्हणून वरची चिठ्ठी उचलली, फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर चालू केला. पलीकडे गवंडी होता. थापीचा घासल्यासारखा आवाज येत होता. साहेबांनी 'जागेअभावी' वगैरे सांगितलं.

"कुठला अर्थ म्हणता?"

"सेट. सिमेंट सेट होतं त्याला तुम्ही 'धरणं' म्हणाला होता."

"हां, हां. बाई चार तास उन्हात उभ्या होत्या, माल धरेपर्यंत. हात लावू नका म्हटलं तरी बोट लावलंच. अजून आहे तो ठसा जिन्यात." तो हसला. "तो काढला होय? काढा की. आम्ही काही म्हणायचं थांबत नाही. तुमच्या पुस्तकाला कळणार नाही, एवढंच. कार्ड परत हवंय का? घरात भिंतीला चिकटवलंय, भिंतीसकट पाठवावं लागेल."

फोन बंद झाला. बाईंना वाटलं होतं, तो चिडेल, साहेबांना चार शब्द सुनावेल. तो चिडला नाही, याचाच त्यांना जास्त राग आला. इतक्या सहज सोडून द्यायची सवय त्याला कोणी लावली?

"दुसरी चिठ्ठी घ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांचा हात डब्याकडे गेला नाही. "पण जागा, बाई?"

बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून साहेबांची प्रस्तावना ओढली आणि मागून उलगडली. "ही दोन पानं आभाराची. अध्यक्ष, उपाध्यक्ष, देणगीदार, माजी प्रमुख. यांतल्या एकाने तरी एक शब्द दिलाय? गवंडी आहे यात? सुतार आहे?" मग फोरमनकडे वळून, "ही काढली तर बसतं?"

"बसतं," फोरमन पटकन म्हणाला. "पानं सरकवायला दोन दिवस लागतील, पण बसतं."

"अहो, अध्यक्ष काय म्हणतील?"

"नंबर द्या, मी फोन लावते."

साहेब लाल पेन्सिल घेऊन प्रस्तावनेवर वाकले. मग एकेक नाव खोडू लागले. शेवटच्या ओळीशी पेन्सिल अडली. तिथे लेखनाच्या काळात वेळेवर चहा दिल्याबद्दल पत्नीचे आभार होते.

"ती ओळ राहू दे," बाई म्हणाल्या. "त्यांनी काहीतरी दिलंय."

साहेबांनी प्रूफ पुढे ओढलं, एकवीस अर्थांवरची रेघ रद्द केल्याची खूण समासात केली आणि कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी उभ्या उभ्या सही केली. पेन इतकं दाबलं, की खालच्या दोन पानांवरही ती उमटली.

"बाई, कागद फाटेल," फोरमन म्हणाला.

"फाटला तर दुसरा काढा."